फ्यूज केलेली काच पुन्हा भट्टीत घालताना

काचेचे कापलेले तुकडे एकमेकांवर किंवा शेजारी शेजारी रचून विजेच्या भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की ते मऊ होतात, त्यांच्या कडा गोलावतात आणि सगळ्यांची मिळून एकच वस्तू बनते. या कामाला फ्यूजिंग म्हणतात. त्यासाठी वितळलेल्या काचेची कुंडी लागत नाही, फुंकणी लागत नाही, मोठे धुराडे तर नाहीच. टेबलाएवढी भट्टी, तापमान सांभाळणारा कंट्रोलर आणि काच कापायची हिरकणी एवढ्या सामानात ताटल्या, घड्याळाच्या तबकड्या, नावाच्या पाट्या, गळ्यातली पदके, देवघराच्या दाराची रंगीत तावदाने असे बरेच काही करता येते.

यातली बहुतेक कामे भट्टीच्या एका फेरीत संपत नाहीत. जोडून सपाट झालेल्या चकतीची वाटी करायची तर ती साच्यावर ठेवून पुन्हा तापवावी लागते. घासलेल्या कडा धुरकट दिसतात, त्यांना चकाकी आणायची असते. कधी नक्षीचा आणखी एक थर चढवायचा असतो, कधी पहिल्या फेरीत राहिलेला दोष काढायचा असतो. आणि पहिल्या फेरीतून सुखरूप निघालेली वस्तू दुसऱ्या फेरीत मधोमध चिरलेली सापडणे हा या कामातला नेहमीचा आणि जिव्हारी लागणारा अनुभव आहे. पहिल्या वेळी बिघडले तर काचेचे चार तुकडे जातात. दुसऱ्या वेळी जाते ते कापणे, रचणे, भाजणे, घासणे असे चार दिवसांचे काम. कारण बहुधा एकच असते. दुसऱ्यांदा भट्टीत जाणारी वस्तू पहिल्यापेक्षा वेगळी आहे हे लक्षात न घेता तिला तापमानाचे जुनेच कोष्टक लावलेले असते.

काच मऊ कधी होते?

बर्फाला जसा ठरावीक वितळणबिंदू असतो तसा काचेला नसतो. ती हळूहळू सैलावत जाते. खिडकीला लागणाऱ्या साध्या फ्लोट काचेचे उदाहरण घेऊ. सुमारे ५०० अंशांपर्यंत ती पूर्ण कडक आणि ठिसूळ असते. ५४० ते ५५० अंशांच्या आसपास तिच्यात एवढा सैलपणा येतो की आकार न बदलता आत साठलेला ताण निघून जातो. ६५० ते ७०० अंशांच्या दरम्यान ती स्वतःच्या वजनाने वाकते आणि साच्यात बसते. ७७० च्या पुढे कडा गोलावतात, तुकडे एकमेकांना चिकटतात, पण वरचा तुकडा उठून दिसतो. ८२० ते ८४० अंशांना सगळे सपाट होऊन एकजीव होते. फ्यूजिंगसाठी खास बनवलेल्या रंगीत काचांना हेच टप्पे थोड्या कमी तापमानाला येतात.

हे आकडे भट्टीगणिक बदलतात. थर्मोकपल आपल्या टोकाजवळच्या हवेचे तापमान सांगतो, काचेचे नाही. एका भट्टीत ८०० वर होणारे काम दुसरीत ८२० वर होते. म्हणून नव्या भट्टीत आधी टाकाऊ तुकड्यांवर चाचणी घेऊन मगच खऱ्या कामाला हात घालतात.

या सगळ्यात धोक्याचा पट्टा वरचा नाही, खालचा आहे. ५०० अंशांच्या खाली काच कडक असते आणि तापमानातला फरक ती वाकून सोसू शकत नाही. तापताना आणि निवताना, दोन्ही वेळा तिला या पट्ट्यातून जावे लागते. तडे येतात ते इथेच. ८०० अंशांना मधासारखी झालेली काच तडकणार तरी कशी?

दुसऱ्या फेरीत काय बदलते

पहिल्या फेरीत ३ मिलिमीटर जाडीच्या दोन काचा एकमेकींवर नुसत्या ठेवलेल्या असतात. दोघीही स्वतंत्रपणे तापतात, स्वतंत्रपणे प्रसरण पावतात, एकमेकींवरून किंचित घसरू शकतात. एखादीला तापताना बारीक तडा गेलाच तरी पुढे ८०० अंशांना तो भरून निघण्याची शक्यता असते, आणि करणाऱ्याला कळतही नाही. एकदा फ्यूज झाल्यावर मात्र तीच ६ मिलिमीटरची एकसंध वस्तू असते. आता तिच्या पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला बराच जास्त वेळ लागतो.

बराच म्हणजे किती, हे समजून घेण्यासारखे आहे. ठरावीक वेगाने तापवताना काचेच्या पृष्ठभागात आणि गाभ्यात पडणारा तापमानाचा फरक जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की फरक चौपट. म्हणजे आत तेवढाच ताण ठेवायचा असेल तर तापवण्याचा आणि निववण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. घरगुती भट्टीत ताशी २०० अंशांनी बिनधोक चढणाऱ्या सुट्ट्या काचा फ्यूज झाल्यावर त्याच वेगाने चढवल्या तर का चिरतात, याचे उत्तर या गणितात आहे.

प्रसरण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण ते कमी नसते. ३० सेंटिमीटरची फ्लोट काचेची ताटली ५०० अंशांनी तापली तर सुमारे १.३ मिलिमीटरने वाढते. वरून तापणाऱ्या भट्टीत ताटलीचा मध्य आधी वाढू लागतो आणि थंड कडा त्याला आवळून धरते. कडेवर ओढ पडते. काच दाब भरपूर सहन करते, ओढ फार थोडी. कडेवर हिरकणीची एखादी खरवड किंवा घासणीचा ओरखडा असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या फेरीला जाणाऱ्या वस्तूंच्या कडा बहुधा नुकत्याच घासलेल्या असतात, हे वेगळे सांगायला नको. म्हणून घासताना भरड कागदावरून थेट भट्टीत न जाता दोन-तीन पायऱ्यांनी बारीक कागदापर्यंत यायचे, भोक पाडले असेल तर त्याची कडही गुळगुळीत करायची.

जाडी सगळीकडे सारखी नसेल तर काम आणखी नाजूक होते. सपाट काचेवर पाने-फुले उठावाने चिकटवलेली असतील तर मोकळा भाग लवकर तापतो आणि फुलाखालचा भाग मागे राहतो. अशा वस्तूचा वेग ठरवताना तिची सर्वांत जास्त जाडी मोजून त्याच्या दुप्पट जाडीची काच आहे असे समजतात. हा नियम ऐकायला अतिरेकी वाटतो, पण उठावाच्या कामात तो पाळणाऱ्यांचे नुकसान कमी होते.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या फेरीला बरोबर येते, ती म्हणजे पहिल्या फेरीचा हिशेब. पहिल्या वेळी निववण्याची घाई झालेली असेल तर तो ताण आत अडकलेला असतो. वस्तू दिसायला धड असते. पुन्हा तापवायला सुरुवात झाली, की नवा ताण जुन्यात मिसळतो आणि २०० अंश होण्याच्या आतच ती फुटते. दोष दुसऱ्या फेरीच्या कोष्टकाला दिला जातो, चूक पहिल्या फेरीतली असते.

ओगलेवाडीचा कंदील

काच सावकाश निववून तिच्यातला ताण काढण्याच्या क्रियेला अनुशीतन म्हणतात. कारखान्यातला शब्द अ‍ॅनिलिंग. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ओतीव लोखंडाचे काम करणाऱ्यांना तो नवा नाही, कारण ओतीव भागांनाही हीच वागणूक द्यावी लागते. काचेच्या बाबतीत या भागाची जुनी ओळख मात्र कराडजवळची आहे.

पुणे–मिरज लोहमार्गावर कराड स्थानकाला लागून ओगलेवाडी आहे. तेव्हाच्या औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले बंधूंनी १९१६ मध्ये तिथे काच कारखाना काढला. त्याआधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, लोकांनी दिलेल्या एकेक पैशातून उभा राहिलेला हा कारखाना स्वदेशी काच उद्योगाची शाळाच ठरला. ओगलेवाडीचा माल घरोघर पोचला तो ‘प्रभाकर’ कंदिलामुळे. वीज पोचण्याआधी, आणि पोचल्यावरही बरीच वर्षे, महाराष्ट्रातल्या खेड्यांत गोठ्यापासून माजघरापर्यंत हा कंदील टांगलेला असे. कारखाना आता बंद आहे, पण वाडीला नाव त्याचेच आहे.

कंदिलाची काच ही अनुशीतनाची रोजची परीक्षा असते. आत ज्योत, बाहेर थंडीची हवा, वर कधी पावसाचा शिंतोडा. काचेत आधीच ताण साठलेला असेल तर पहिल्या-दुसऱ्या रात्रीच ती ‘टच्’ करून जाते. म्हणून काच कारखान्यात वस्तू घडवल्यावर ती तशीच हवेवर निववत नाहीत. ती अनुशीतनाच्या लांब बोगद्यासारख्या भट्टीत जाते, एका टोकाला गरम शिरते आणि दुसऱ्या टोकाला हाताला सोसेल इतकी निवून बाहेर येते. पातळ काचेला हा प्रवास लवकर पुरतो. जाड बुडाच्या बरणीला जास्त वेळ लागतो. घरगुती भट्टीत बोगदा नसतो, तेव्हा जागा बदलण्याऐवजी वेळेनुसार तापमान उतरवतात. काम तेच.

काच पुन्हा तापवून जोडण्याची कला या भागात त्याहून फार जुनी आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले, त्यात काचेचे मणी आणि बांगड्या मोठ्या संख्येने मिळाल्या. बहामनी काळातल्या थरांत अनेक रंगांच्या बांगड्या आहेत, त्यांत एका काचेवर दुसऱ्या रंगाची काच बसवलेली दिसते. या उत्खननाच्या अहवालाचे एक लेखक मोरेश्वर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रंगीत काच काचेवर टिकायची तर दोन्हींचे प्रसरण जुळले पाहिजे ही अट त्या कारागिरांनाही होती. फरक एवढाच, की त्यांच्या हाती आकडे नव्हते.

कोणती काच कोणत्या काचेशी

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात काचेच्या दुकानात सहज मिळते ती खिडक्या, शोकेस आणि टेबलांसाठीची फ्लोट काच. फ्यूजिंगसाठी मुद्दाम तयार केलेली, प्रसरण गुणांक छापलेली रंगीत काच बाहेरून मागवावी लागते आणि ती महाग असते. त्यामुळे नवशिका स्वाभाविकच बाजारातल्या काचेकडे आणि जुन्या बाटल्यांकडे वळतो. त्यात वाईट काही नाही, पण एक पथ्य आहे. एकाच मोठ्या तावातून कापलेले तुकडे एकमेकांशी हमखास जुळतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या काळातले, किंवा एक बाटलीचा आणि एक खिडकीचा, हे जुळतीलच असे नाही.

फ्यूजिंगच्या काचांवर बहुधा ९० किंवा ९६ असा आकडा असतो. तो प्रसरणाचा. काच एका अंशाने तापली की दर मीटरला किती वाढते, याचे ते मोजमाप आहे. फ्लोट काचेचा आकडा साधारण ८५ च्या आसपास येतो. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची आणि ओव्हनच्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच, जिला आपल्याकडे सरसकट बोरोसिल म्हणतात, तिचा आकडा केवळ ३३. फुटलेल्या बोरोसिलच्या बाऊलचा तुकडा खिडकीच्या काचेवर फ्यूज करायला गेले तर निवताना खिडकीची काच जवळजवळ तिप्पट आकसू पाहते. असा जोड टिकत नाही. किती सावकाश निववले तरी टिकत नाही, कारण हा ताण तापमानातल्या फरकाचा नसतो, दोन काचांच्या स्वभावातला असतो.

दुसऱ्या फेरीशी याचा थेट संबंध आहे. किंचित न जुळणारा जोड पहिल्या फेरीत तगून जाऊ शकतो. शिवाय काही रंगीत काचा, विशेषतः दुधी, लाल आणि नारिंगी, प्रत्येक फेरीत थोड्या बदलतात. रंग गडद होतो, कधी तपकिरीकडे झुकतो, आणि काहींच्या प्रसरणातही सूक्ष्म फरक पडतो. तीन-चार फेऱ्यांचे काम योजले असेल तर अशा रंगांचा तुकडा आधी तितक्याच वेळा तापवून पाहिलेला बरा.

कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच या कामाला घेऊ नये. ती मुळात ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम निववलेली असते, ताण मुद्दाम आत कोंडून. ती कापता येत नाही, कापायला गेले तर बारीक गोट्यांसारखे तुकडे होतात. भट्टीत सावकाश तापवली तर तिचा कडकपणा निघून जातो आणि साधी काच उरते.

उतरता क्रम

एकाच वस्तूला अनेक फेऱ्या द्यायच्या असतील तर सर्वांत गरम काम आधी आणि सर्वांत थंड काम शेवटी, हा क्रम पाळावा लागतो. आधी सपाट एकजीव करणे, मग उठावाचे तुकडे चिकटवणे, मग साच्यात वाकवणे. उलट केले तर वाकवलेली वाटी पुढच्या फेरीत पुन्हा सपाट होते.

हा क्रम फ्यूजिंगवाल्यांनी शोधलेला नाही. मुंबईच्या फोर्ट भागात विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर ही १८६९ ते १८७८ या काळात उभी राहिलेली इमारत आहे. तिथे किंवा शहरातल्या जुन्या चर्चमध्ये जी चित्रित रंगीत काच दिसते, त्या प्रकारच्या काचेवरचे बारीक काम काचेच्या भुकटीच्या रंगांनी काढून भट्टीत पक्के केलेले असते. आधी रेषा, मग छाया, आणि चांदीच्या क्षारापासून येणारा पिवळा रंग बहुधा शेवटी, कारण त्याला सर्वांत कमी तापमान पुरते. म्हणजे खिडकीतला एक चेहरा तीनदा भट्टीत जाऊन आलेला असू शकतो.

एका चकतीचा हिशेब

फ्लोट काचेची, २० सेंटिमीटर व्यासाची, दोन थर फ्यूज होऊन ६ मिलिमीटर झालेली चकती साच्यावर ठेवून तिची उथळ ताटली करायची आहे असे समजू. तापमान खोलीच्या पातळीवरून ताशी सुमारे ११० अंशांनी ५५० पर्यंत चढवायचे. याला पावणेपाच तास लागतात, आणि घाई करण्याचा मोह इथेच होतो. ५५० च्या पुढे काच तडकण्याचा धोका संपतो, तेव्हा वेग वाढवला तरी चालते. ६८० ते ६९० च्या आसपास दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. भट्टीला झरोका असेल तर काच साच्यात बसलेली दिसते. बसली की थांबायचे, कारण जास्त वेळ ठेवली तर साच्याच्या खुणा उमटतात आणि कडा खाली घसरतात.

मग तापमान ५५० पर्यंत आपोआप उतरू द्यायचे, झाकण न उघडता. ५५० ला एक तास स्थिर. या तासात सगळी काच आतून बाहेरून एकाच तापमानाला येते आणि ताण निघून जातो. पुढे ताशी ६० अंशांनी ४३० पर्यंत, ताशी १०० अंशांनी ३७० पर्यंत, आणि त्यानंतर भट्टी बंद. झाकण मात्र दुसऱ्या दिवशी, आतले तापमान ५० अंशांच्या खाली आल्यावरच उघडायचे. म्हणजे सकाळी आठला सुरू केलेली भट्टी संध्याकाळी बंद होते आणि ताटली हातात येते दुसऱ्या सकाळी. याच ताटलीची जाडी १२ मिलिमीटर असती तर ५५० चा थांबा दोन तासांचा लागला असता, चढण्याचा वेग निम्म्याहून कमी ठेवावा लागला असता आणि सगळे काम दीड-दोन दिवसांवर गेले असते.

साच्याला आणि भट्टीतल्या फरशीला किल्न वॉशचा लेप असतो. त्यात मुख्यतः अ‍ॅल्युमिना आणि चिनी माती असते. लेपाने काच फरशीला चिकटत नाही. पूर्ण फ्यूजिंगच्या तापमानाला गेलेला लेप मात्र एकदाच चालतो. तो खरवडून नवा लावला नाही तर पुढची काच फरशीला धरते आणि सुटताना फरशीचा टवका घेऊन येते. लेप खरवडताना, भट्टीची सिरॅमिक फायबरची चादर हाताळताना आणि काच कोरडी घासताना मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

साय, धूसरपणा, बुडबुडे

पुन्हा तापवलेल्या काचेवर कधी दुधावरच्या सायीसारखी पांढुरकी, खरखरीत झिलई दिसते. काचेच्या पृष्ठभागावर स्फटिक तयार होऊ लागल्याची ती खूण. कारागीर तिला डीव्हिट म्हणतात. ७०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात काच जास्त वेळ रेंगाळली की ती धरते, आणि बोटांचे ठसे, घासणीची भुकटी, धूळ यांवर स्फटिकांना बसायला जागा मिळते. दुसऱ्या फेरीआधी काच निवळ पाण्याने, ब्रशने घासून धुण्याचा आग्रह यासाठीच. फ्लोट काच या बाबतीत फ्यूजिंगच्या काचेपेक्षा जास्त त्रास देते. साय आलीच तर पृष्ठभाग घासून काढणे, किंवा पातळ टाकणखाराचे पाणी फवारून पुन्हा पूर्ण तापवणे, हे दोन उपाय आहेत. नुसते पुन्हा तापवले तर साय वाढते.

फ्लोट काचेची आणखी एक खोड आहे. ती वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, त्यामुळे एका बाजूला कथिलाचा सूक्ष्म अंश राहतो. ती बाजू पुन्हा तापवल्यावर धूसर, बारीक सुरकुत्या पडल्यासारखी दिसू शकते. लघुतरंग अतिनील दिव्याखाली कथिलाची बाजू मंद चमकते, त्यावरून ती ओळखता येते. सगळ्या थरांत ती एकाच दिशेला ठेवली की निदान परिणाम सारखा येतो.

बुडबुड्यांविषयी फार आशा धरू नये. थरांमध्ये अडकलेली हवा पुन्हा तापवल्याने बाहेर पडत नाही, उलट फुगते. मोठा बुडबुडा फोडून, खळगा साफ करून, त्याच काचेच्या भुकटीने भरून मग तापवावा लागतो. तड्याचेही तसेच. पूर्ण तापमानाला तडा सांधतो, पण त्याची रेघ बहुधा राहते. रेघ झाकेल अशी नक्षी वर चढवणे हा त्यावरचा जुना आणि प्रामाणिक उपाय.

तुटलेला तुकडा काय सांगतो

भट्टी उघडल्यावर दोन तुकडे दिसले, तर ते फेकून देण्याआधी तुटलेली कड बोटाने नाही, डोळ्याने तपासावी. कड गोलावलेली, मऊ दिसत असेल तर तडा चढताना गेला, आणि नंतरच्या उष्णतेने कड वितळली. म्हणजे चढण्याचा वेग जास्त होता. कड धारदार असेल तर तडा निवताना गेला. तेव्हा अनुशीतनाचा थांबा कमी पडला, किंवा झाकण लवकर उघडले. साच्यात वाकवण्याच्या फेरीत मात्र ही खूण थोडी फसवी असते, कारण ६८० अंशांना कड फारशी गोलावत नाही. तिथे दुसरे पाहायचे. दोन्ही तुकडे साच्यात नीट बसले आहेत, पण जोडून पाहिले तर एकमेकांशी आकाराने जुळत नाहीत, तर ते वाकण्याआधीच वेगळे झालेले होते.

तड्याची वाटही बोलते. एका रंगाच्या कडेकडेने, दुसऱ्या काचेला वळसा घालत गेलेला तडा न जुळणाऱ्या काचांकडे बोट दाखवतो. मधोमध जाऊन टोकाला आकड्यासारखा वळलेला तडा अपुऱ्या अनुशीतनाचा असतो. आणि आठवड्याने, कपाटात ठेवलेली असताना, कोणी हात न लावता फुटलेली ताटली या दोघांपैकी एकाची असते.

वीज गेली तर

साध्या १६ अँपिअरच्या घरगुती जोडणीवर तीनेक किलोवॉटची भट्टी चालते, त्याहून मोठीला थ्री-फेज लागतो. दोन्हींना वीज बारा तास सलग हवी असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग भरून आले की या भागात वीज जाणे नवलाचे नाही, म्हणून लांब फेऱ्या सुरू करण्याआधी आभाळ पाहण्याची सवय उपयोगी पडते.

फेरी चालू असताना वीज गेली तर पहिली गोष्ट, झाकण उघडायचे नाही. चढताना गेली असेल तर फारसे बिघडत नाही. वीज आल्यावर तापमान पाहून तिथून पुन्हा सावकाश सुरू करता येते. कंट्रोलर पहिल्या पायरीपासून सुरू होतो की सोडले तिथून, हे मात्र आधीच माहीत असायला हवे. निवताना, ५५० ते ३७० च्या दरम्यान गेली असेल तर प्रश्न भट्टीच्या भिंतींचा. विटांच्या जाड भट्टीत उष्णता साठलेली असते, ती पातळ काच सुरक्षितपणे उतरवूनही देते. फायबरची हलकी भट्टी भराभर निवते आणि ६ मिलिमीटरच्या वर जाडी असेल तर काच आत ताण घेऊन बसते. अशी वस्तू न तडकता बाहेर आली तरी तिला धड समजू नये.

ताण डोळ्यांनी पाहणे

ती धड आहे की नाही हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. जुन्या एलसीडी मॉनिटरवर पांढरा पडदा लावायचा. त्याच्यासमोर कॅमेऱ्याचा ध्रुवीकरण फिल्टर किंवा पोलराइज्ड गॉगलची काच धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवायची. आता मॉनिटर आणि फिल्टर यांच्यामध्ये पारदर्शक काच धरली, की जिथे ताण असेल तिथे अंधारात उजेडाचे ढग किंवा कडेने प्रकाशाची किनार दिसते. जोडाभोवती प्रभावळ दिसली तर काचा जुळत नाहीत. कोपऱ्यांत आणि मध्यात सर्वत्र उजेड असेल तर अनुशीतन अपुरे. दुधी काचेतून हे दिसत नाही, म्हणून तिच्या शेजारी भट्टीत तितक्याच जाडीचा एक पारदर्शक तुकडा साक्षीदार म्हणून ठेवतात.

अपुऱ्या अनुशीतनाची वस्तू वाचवता येते. तिला पुन्हा वितळवायचे नसते, वाकवायचेही नसते. नेहमीच्या निम्म्या वेगाने, कारण आत ताण आधीच आहे, ५५० अंशांपर्यंत न्यायचे. तिथे आधीपेक्षा जास्त वेळ थांबून आधीपेक्षा सावकाश उतरवायचे. या तापमानाला आकार हलत नाही, रंग बदलत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मॉनिटरसमोर धरून फिल्टर फिरवायचा आणि काळ्या पडद्यावर कुठे उजेड उरला आहे का ते पाहायचे.